होते, होईल आणि होऊ शकते : रसायनशास्त्राच्या आरंभीच्या वर्गातील काही प्रश्न

भाषाशास्त्राच्या अध्यापिकेने रसायनशास्त्रावर लेख लिहावा ह्याचा थोडा खुलासा करावयास हवा. रसायनशास्त्र विभागातील माझे एक सहकारी प्रथम वर्षाच्या वर्गात एक पेटी ठेवतात. इंग्रजीतून प्रश्न विचारण्याचा धीर ज्यांस होत नाही, त्यांनी मराठीत चिठ्ठी लिहून तीत टाकावी, असा रिवाज त्यांनी पाडला आहे. एके दिवशी त्यांनी चिठ्ठ्यांचा एक जुडगा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "ह्यांतले निम्मे प्रश्न रसायनाचे नाहीत, तुमचे आहेत." मी ते वाचले. सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे असे मला आढळले. प्रश्न भाषेतून उगवलेले आहेत हे खरे. परंतु त्यांची मुळे थेट रसायनशास्त्राच्या गाभ्यापर्यंत गेलेली आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काहींचा विचार करावयाचा आहे.

पहिली चिठ्ठी अशी : "हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे उत्स्फूर्त आहे असे पुस्तकात दिले आहे. मग आईच्या अंगठीतला हिरा काळा का पडत नाही?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नेहमीच्या तापमानाला व दाबाला ग्रॅफाइटची मुक्त ऊर्जा हिऱ्यापेक्षा दर मोलमागे सुमारे २.९ किलोज्यूलने कमी आहे. त्यामुळे ऊष्मागतिकीच्या परिभाषेत हे रूपांतर उत्स्फूर्तच ठरते. घोटाळा आहे तो 'उत्स्फूर्त' ह्या शब्दात. मराठीत प्रतिसाद उत्स्फूर्त असतो, काव्य उत्स्फूर्त असते, टाळ्या उत्स्फूर्त असतात. ह्या सर्व ठिकाणी 'कोणी न सांगता' हा एक अर्थ आहे आणि 'तत्काळ' हा दुसरा अर्थ त्याच्या पाठीस चिकटून आला आहे. ऊष्मागतिकीस ह्यांपैकी पहिलाच हवा आहे. बाहेरून सतत कार्य न पुरवता ही अभिक्रिया ह्या दिशेने जाऊ शकते, एवढेच ती सांगते. ती किती वेळात जाईल, ह्याविषयी तिच्यापाशी एक अक्षरही नाही. तिच्या समीकरणांत काल हा पदार्थच नाही.

काल येतो तो रासायनिक गतिकीत. येथे दाखला घ्यावयाचा तर वाईहून महाडास जाण्याचा घ्यावा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे आणि महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीस. म्हणजे एकूण हिशेब उताराचाच आहे. परंतु महाबळेश्वरावरून जावयाचे तर आधी पसरणीचा घाट चढून साडेतेराशे मीटरपर्यंत जावे लागते, आणि मगच आंबेनळीने खाली उतरता येते. वाई व महाड ह्यांच्या उंचीतील फरक ही ऊष्मागतिकीची बाब. मधल्या डोंगराची उंची ही गतिकीची. ह्या डोंगरास सक्रियण ऊर्जा म्हणतात. हिऱ्यातील प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला आहे, आणि ग्रॅफाइट व्हावयाचे तर ते बंध आधी सैल व्हावे लागतात. तो डोंगर इतका उंच आहे की खोलीच्या तापमानाला कोणीच तो ओलांडत नाही. हवा वगळून हिरा दीड-दोन हजार अंशांपर्यंत तापविला, तर मात्र तो खरोखरच ग्रॅफाइट होतो. अंगठी त्यामुळे निर्धास्त आहे.

येथे मराठी क्रियापदाचाही थोडा वाटा आहे. पाठ्यपुस्तकात आपण लिहितो, 'ही अभिक्रिया होते'. हा रीतिवर्तमान काळ आहे. 'सूर्य पूर्वेस उगवतो' ह्यात जसे प्रत्यक्ष घडणे गृहीत आहे, तसेच येथेही विद्यार्थी गृहीत धरतो. ऊष्मागतिकीचे विधान वस्तुतः 'होऊ शकते' ह्या रूपाचे आहे आणि गतिकीचे 'इतक्या वेळात होईल' ह्या रूपाचे. तिन्ही विधाने एकाच 'होते'त कोंबली की अंगठीचा प्रश्न उद्भवणारच.

ह्याहून घरगुती उदाहरण साखरेचे आहे, आणि ते इतिहासाच्या दृष्टीनेही मोलाचे आहे. उसाच्या साखरेच्या रेणूचे पाण्याबरोबर विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज होणे हे पूर्णपणे उताराचे काम आहे. तरीही निव्वळ पाण्यात, आम्ल किंवा विकर नसताना, २५ अंश सेल्सिअसला त्यातील निम्मी साखर विघटित व्हावयास चारशेहून अधिक वर्षे लागतील, असे उच्च तापमानांवरील मापनांवरून काढलेले अनुमान आहे. उलट पाक करताना त्यात लिंबू पिळले, की तेच विघटन काही अंशी उकळत्या पातेल्यात मिनिटांत घडते. आणि ह्या मिश्र शर्करांमुळेच पाकात कणी धरत नाही. तोडलेला ऊस वेळेवर गाळपास गेला नाही तर साखरेचा उतारा घटतो, त्याचेही एक कारण हेच विघटन. तेथे लिंबाचे काम उसातील विकर व सूक्ष्मजीव करतात. रासायनिक वेगाचे पहिले पद्धतशीर मापन विल्हेल्मी ह्यांनी १८५० मध्ये केले ते ह्याच अभिक्रियेवर. तापमान व वेग ह्यांचा संबंध सांगणारा आरेनियस ह्यांचा १८८९ चा प्रसिद्ध निबंधही साखरेच्या विघटनासंबंधीच आहे.

आरेनियस ह्यांच्या समीकरणावरून दुसऱ्या चिठ्ठीकडे वळता येते : "वेगस्थिरांक जर तापमानाबरोबर बदलतो, तर त्याला स्थिरांक का म्हणावे?"

ही चिठ्ठी वाचून मी काही वेळ स्वस्थ बसले. 'स्थिर' हा शब्द रसायनशास्त्राच्या मराठीत निदान तीन कामे करतो. न हलणारे ते स्थिर. सहजासहजी न बिघडणारे ते स्थिर. आणि ज्याचे मूल्य बदलत नाही तेही स्थिर. वेगस्थिरांकातील 'स्थिर' हा तिसऱ्या प्रकारचा आहे, आणि तोही सशर्त आहे. संहती कितीही बदलली तरी तो बदलत नाही, ह्या मर्यादित अर्थाने तो स्थिर. तापमान बदलले की त्याने बदललेच पाहिजे. डोंगर ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेल्या रेणूंचे प्रमाण तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. सक्रियण ऊर्जा दर मोलमागे ५३ किलोज्यूलच्या आसपास असेल, तर २५ अंशांवरून ३५ अंशांवर जाताना वेग जवळजवळ दुप्पट होतो. दहा अंशांस वेग दुप्पट, हा जो नियम विद्यार्थी पाठ करतात तो ह्या विशिष्ट उंचीच्या डोंगरास लागू आहे, सर्व डोंगरांस नव्हे. 'कशाच्या बाबतीत स्थिर?' असे विचारण्याची सवय लावली की शंका संपते. दुर्दैवाने मराठीत 'स्थिर' हे विशेषण सापेक्षतेची कोणतीही खूण अंगावर न बाळगता वावरते.

तिसऱ्या चिठ्ठीत तोच शब्द दुसऱ्या अर्थाने आला आहे : "तृतीयक कार्बोकॅटायन स्थिर असतो असे सर सांगतात. मग तो बाटलीत का मिळत नाही?" उत्तर आपल्या बोलीतच तयार आहे. तो स्थिर नाही. तो 'त्यातल्या त्यात' स्थिर आहे. ज्या कार्बनवर धनभार आहे त्यास तीन कार्बन-गट चिकटलेले असले, तर ते आपल्याकडील इलेक्ट्रॉनांचा काही भाग त्याच्याकडे झुकवितात आणि तो भार थोडा वाटला जातो. दोन गट असलेल्या किंवा एकच गट असलेल्या भाईबंदांहून त्याची ऊर्जा म्हणून कमी असते. पाण्याच्या किंवा ब्रोमाइडच्या संगतीत मात्र तो क्षणभरही टिकत नाही. असे कण टिकवून त्यांचे निरीक्षण करण्यासाठी जॉर्ज ओला ह्यांस १९६० च्या दशकात अतितीव्र आम्लांची माध्यमे योजावी लागली, आणि कार्बोकॅटायनांवरील ह्या कार्याबद्दल १९९४ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. 'स्थिर' ऐवजी 'अधिक स्थिर' असे लिहिण्याचा नियम जरी पाळला, तरी कितीतरी चिठ्ठ्या पेटीत पडणार नाहीत.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिते. मराठी माध्यमाच्या शाळेतून मी महाविद्यालयात गेले तेव्हा विज्ञान शाखेतच होते. "स्थिर म्हणजे कोणाच्या मानाने?" हा प्रश्न मी मराठीत विचारला होता. वर्ग हसला, अध्यापकही हसले, आणि पुढे वर्षभर मी काही विचारले नाही. दुसऱ्या वर्षी मी शाखा बदलली. त्याचा आज खेद नाही. पण तो प्रश्न बरोबर होता हे कळावयास मला वीस वर्षे आणि ह्या चिठ्ठ्या लागल्या.

ज्या ठिकाणी मराठी अडसर न होता उलट मदतीस येते, असे एक स्थळ ह्या चिठ्ठ्यांत मला सापडले. एका विद्यार्थिनीने लिहिले आहे : "दोन्ही अभिक्रियांत ब्रोमीन जाते आणि हायड्रॉक्साइड येते. समीकरण सारखेच आहे. मग दोन यंत्रणा कशाला?" मिथाइल ब्रोमाइड आणि तृतीयक ब्यूटाइल ब्रोमाइड ह्यांच्या प्रतियोजन अभिक्रियांविषयीचा हा प्रश्न आहे. समीकरणावर दृष्टी ठेवली तर तिचे म्हणणे खोडता येत नाही. समीकरण आरंभ व शेवट सांगते; मधली हकीकत सांगत नाही.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत : तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे. पहिल्यात क्रिया आपोआप घडल्यासारखी मांडली जाते. दुसऱ्यात कर्ता हजर असावा लागतो. ह्या दोन यंत्रणांमधील भेद नेमका हाच आहे. तृतीयक ब्यूटाइल ब्रोमाइडमधील कार्बन-ब्रोमीन बंध तुटतो. हायड्रॉक्साइड मागाहून येते. मिथाइल ब्रोमाइडमधील बंध हायड्रॉक्साइड तोडते. येणे आणि जाणे एकाच हालचालीत होते. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, कारण दोन विधानांचे परिणाम मोजता येतात. बंध जर आपला आपण तुटत असेल, आणि तेच सर्वांत मंद पाऊल असेल, तर हायड्रॉक्साइडची संहती दुप्पट केल्याने वेगात फरक पडावयास नको. जो अद्याप रंगभूमीवर आलाच नाही, त्याच्या संख्येने काय होणार? बंध जर तोडला जात असेल, तर तोडणारे दुप्पट झाल्यावर वेगही दुप्पट व्हावयास हवा. प्रयोगात असेच आढळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ह्यूझ आणि इंगोल्ड ह्यांनी १९३० च्या दशकात अशा मापनांच्या आधारे ह्या दोन यंत्रणा वेगळ्या काढल्या. समीकरण जे लपविते ते वेग सांगतो. अभिक्रियेची कोटी समीकरणातील अंकांवरून वाचता येत नाही, ती प्रयोगानेच ठरवावी लागते, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. त्याचे कारण येथे आहे.

उपमा कोठे थांबते तेही सांगावयास हवे. 'तुटतो' म्हटले तरी तो बंध एकाकी तुटत नाही. पाण्यासारख्या ध्रुवीय द्रावकाचे रेणू निघणाऱ्या ब्रोमाइडला आणि मागे राहणाऱ्या धनायनाला चहूकडून वेढतात, म्हणूनच ते घडते. व्याकरणात तरी 'दोर तुटला' म्हणताना ओझ्याचा उल्लेख आपण कोठे करतो? शिवाय 'न्यूक्लिओफाइल हल्ला करतो' ही इंग्रजीवरून आलेली भाषा वर्गात सर्रास वापरली जाते. ती ऐकून एका चिठ्ठीकर्त्याने विचारले आहे, "त्याला कसे कळते की कोठे हल्ला करायचा?" त्यास काही कळत नाही. असंख्य टकरी होतात. बहुतेक वाया जातात. योग्य दिशेने व पुरेशा ऊर्जेने झालेली एखादीच सफल होते. मिथाइल ब्रोमाइडच्या बाबतीत योग्य दिशा म्हणजे ब्रोमीनच्या नेमकी मागची बाजू, आणि त्यामुळे उरलेले तीन हात वाऱ्याने छत्री उलटावी तसे उलटतात. हा उलटा होण्याचा प्रकार वाल्डेन ह्यांनी १८९६ मध्येच नोंदविला होता. त्याचा उलगडा व्हावयास पुढची तीस-चाळीस वर्षे जावी लागली.

'समतोल' ह्या शब्दाविषयीच्या चिठ्ठ्या पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे सार एकच : समतोल झाला म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या ना? तराजूच्या देशात असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे सारखे असतात ते दोन विरुद्ध अभिक्रियांचे वेग. पदार्थांचे प्रमाण नव्हे. ॲसेटिक आम्ल व इथेनॉल एकेक मोल घेऊन ठेवले तर सुमारे दोन तृतीयांश भागाचे एथिल ॲसिटेट होते आणि गाडी थांबल्यासारखी दिसते. बर्थेलो आणि पेआँ द सँ-जील ह्यांनी १८६२ च्या सुमारास हे कष्टपूर्वक मोजले. ती थांबलेली नसते. लेड आयोडाइडच्या संपृक्त द्रावणात थोडे किरणोत्सारी आयोडाइड मिसळले, तर काही वेळाने ते तळाच्या घन पदार्थातही सापडते. म्हणजे बाहेरून निश्चल दिसणाऱ्या भांड्यात ये-जा अखंड चालू असते. एस्टरच्या मिश्रणात तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घातले तर समतोल लवकर येतो, पण वाटा तोच, दोन तृतीयांशाचा. 'उत्प्रेरक' ह्या शब्दातील 'प्रेरणा' ऐकून विद्यार्थ्यास वाटते की हा पदार्थ नाखूष अभिक्रियेस राजी करतो. तो फक्त डोंगरातील बुटकी खिंड दाखवितो, आणि खिंडीतून जाता येते तसे परतताही येते.

बंधांत ऊर्जा 'साठविलेली' असते ही भाषा मात्र मी सुधारू इच्छिते, कारण तिच्यापायी होणारी चूक हट्टी आहे. "बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते" असे गृहीत धरून लिहिलेल्या चिठ्ठ्या ह्या जुडग्यात वारंवार भेटतात. धरण फुटते आणि पाणी बाहेर पडते, हे चित्र त्यांच्यामागे आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कोणताही बंध तोडावयास ऊर्जा द्यावीच लागते. बंध जुळताना ती मिळते. हायड्रोजनच्या दोन मोलांचे बंध तोडावयास दर मोलास ४३६ प्रमाणे ८७२ किलोज्यूल आणि ऑक्सिजनच्या एका मोलासाठी ४९८, मिळून १३७० खर्च होतात. पाण्याच्या दोन मोलांत ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांचे चार मोल जुळतात; दर मोलास सुमारे ४६३ प्रमाणे १८५२ परत मिळतात. ४८२ किलोज्यूलचा नफा उरतो. वाफेच्या दर मोलामागे २४१. ज्वाला दिसते ती ह्या नफ्याची. आणि आरंभीचा खर्च करणारे कोणी नसेल, तर हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे मिश्रण खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षे तसेच राहते. ठिणगी पडली की गोष्ट वेगळी.

नफा झाला तरच अभिक्रिया पुढे जाते, असे ह्यावरून कोणी समजेल, म्हणून अमोनियम नायट्रेटची आठवण द्यावी लागते. ते पाण्यात विरघळताना दर मोलास सुमारे २६ किलोज्यूल उष्णता शोषून घेते, भांडे हातास गार लागते, तरीही ते आपोआप विरघळते. येथे पारडे झुकविते ती एन्ट्रॉपी. हा शब्द क्लाउझियस ह्यांनी १८६५ मध्ये ग्रीक भाषेतील 'रूपांतर' ह्या अर्थाच्या शब्दावरून घडविला, आणि 'एनर्जी'शी त्याचा ध्वनी जुळावा ह्याची बुद्धिपुरस्सर काळजी घेतली. त्यात 'अव्यवस्था' कोठेही नव्हती. पसाऱ्याच्या खोलीची उपमा मागाहून आली, आणि माझ्या मते ती न येती तर बरे झाले असते. ऊर्जा व कण किती भिन्न रीतींनी वाटले जाऊ शकतात, ह्याची ती मोजदाद आहे. येथे मूळ शब्द तसाच ठेवण्याचा मराठी पाठ्यपुस्तकांतील प्रघात मला योग्य वाटतो. जो शब्द काहीच सुचवीत नाही, तो निदान चुकीचे सुचवीत नाही.

शेवटची चिठ्ठी सर्वांत चांगली आहे. "१,३-ब्यूटाडाईनवर हायड्रोजन ब्रोमाइडचे समावेशन केले तर थंडीत एक पदार्थ जास्त मिळतो आणि उष्णतेत दुसरा. परीक्षेत कोणता लिहू? खरा कोणता?" उणे ८० अंशांस सुमारे ८० टक्के १,२-पदार्थ व २० टक्के १,४-पदार्थ मिळतो, ४० अंशांस हे प्रमाण जवळजवळ उलटते. दोन्ही एकाच कार्बोकॅटायनातून निघतात. १,२-पदार्थाकडे जाणारी खिंड बुटकी आहे. १,४-पदार्थाचे गाव अधिक खाली आहे. थंडीत जे एकदा उतरले ते परत वर चढू शकत नाहीत. म्हणून जवळच्या खिंडीने जाणाऱ्यांची संख्या टिकून राहते. ऊब असेल तेव्हा येणे-जाणे चालू राहते, आणि कालांतराने बहुतेकांची वस्ती खालच्या गावी होते. ह्याचा पुरावाही आहे. थंडीत तयार झालेले मिश्रण ४० अंशांपर्यंत तापवून ठेवले, तर त्यातील प्रमाण आपोआप बदलते आणि थेट ४० अंशांस केलेल्या प्रयोगाइतकेच होते. अंगठीतल्या हिऱ्याचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहेत. हिऱ्याच्या बाबतीत गतिकीने दार कायमचे लावून घेतले आहे. येथे ते तापमानाने उघडता-मिटता येते.

सहकाऱ्यांनी ही चिठ्ठी वर्गात वाचून दाखविली तेव्हा परीक्षेत काय लिहावे हे प्रथम सांगितले : तापमान दिले असेल तर त्याप्रमाणे, दिले नसेल तर दोन्ही, कारणांसह. मग त्यांनी फळ्यावर 'होते' हा शब्द लिहून खोडला आणि त्याच्या जागी काय लिहावे असे वर्गास मराठीतून विचारले. मी मागच्या बाकावर बसले होते. हात वर झाले ते बहुतेक मराठी माध्यमातून आलेल्यांचे होते.